संमिश्र वसाहतीत घर घेताना : पनवेल परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

सर्वसामान्य कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच घर विकत घेते. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक काढली जाते, क्वचित गावाकडील जमिनीचा तुकडा विकला जातो, दागिने गहाण पडतात आणि पुढील वीस वर्षांचे उत्पन्न कर्जफेडीला बांधले जाते. एवढा मोठा व्यवहार करताना घराचे क्षेत्रफळ, खिडकीची दिशा, स्थानकापासूनचे अंतर आणि किंमत या गोष्टी ग्राहक बारकाईने पाहतो. मात्र त्याच आवारात शेजारी राहणाऱ्यांचा आपापल्या घरावर कोणत्या स्वरूपाचा हक्क आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ज्या वसाहतीत काही घरे मालकी हक्काची, काही भाडेपट्ट्यावरील, काही भाड्याने दिलेली आणि काही सार्वजनिक संस्थेच्या ताब्यातील असतात, तेथे हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा ठरतो. अशा वसाहतीला आपण संमिश्र धारणाधिकाराची वसाहत म्हणू. तेथे घर घ्यावे की न घ्यावे, याचा निर्णय कोणत्या क्रमाने करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

या अभ्यासासाठी पनवेलसारखे दुसरे क्षेत्र सापडणे कठीण आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची. जुन्या पनवेलमध्ये वाडे, चाळी आणि पागडीच्या खोल्या होत्या. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील जमिनीवर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही उपनगरे त्यातून आकाराला आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ती पहिली महानगरपालिका होय. २०१३ साली विमानतळ प्रभावित क्षेत्राचे, म्हणजे ‘नैना’ क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे सोपविण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला व ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या घडामोडींमुळे मुंबईत घर न परवडणारी असंख्य कुटुंबे पनवेलकडे वळली आहेत. एकाच तालुक्यात इतक्या वेगवेगळ्या हक्कांची घरे शेजारी शेजारी उभी असल्याने येथे येणाऱ्या ग्राहकाने आधी हक्कांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

पनवेल परिसरातील धारणाधिकाराचे प्रकार

पहिला प्रकार सिडकोच्या भाडेपट्ट्याचा. सिडकोने जमीन विकली नाही. ती बहुधा साठ वर्षांच्या पट्ट्याने दिली. अशा भूखंडावरील इमारतीत सदनिका घेणारा सदनिकेचा धारक होतो. भूखंडाची मालकी मात्र सिडकोकडेच राहते. सदनिका हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी व हस्तांतरण शुल्क या बाबी येतात.

दुसरा प्रकार साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांचा. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के प्रमाणात विकसित भूखंड परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. असे अनेक भूखंड मूळ भूधारकांनी विकसकांशी करार करून विकसित केले. सिडको, मूळ भूधारक व विकसक यांच्यातील त्रिपक्षीय करार हा या व्यवहाराचा कणा असतो. मूळ भूधारकाच्या कुटुंबाकडे इमारतीतील काही सदनिका राहतात व त्यांपैकी काही भाड्याने दिल्या जातात. अशा रीतीने लहानशी इमारतसुद्धा संमिश्र होते.

तिसरा प्रकार सिडकोने स्वतः बांधलेल्या घरांचा. अल्प उत्पन्न गटापासून मध्यम उत्पन्न गटापर्यंतच्या कुटुंबांना ही घरे वाटपाने मिळाली. यांपैकी अनेक ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्थेऐवजी १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमानुसार सदनिकाधारकांचा संघ स्थापन झालेला आढळतो. संघ आणि संस्था यांतील भेद पुढे पाहू.

चौथा प्रकार खाजगी जमिनीवरील मालकी हक्काच्या घरांचा. गावठाणाबाहेरील अकृषिक जमिनीवर, विशेषतः ‘नैना’ क्षेत्रात, अशा वसाहती उभ्या राहत आहेत. पाचवा प्रकार जुन्या पनवेलमधील भाडेकरूंच्या व पागडीच्या घरांचा. पुनर्विकासात जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत घरे मिळतात व उरलेली घरे बाहेरच्या ग्राहकांना विकली जातात. सहावा प्रकार सार्वजनिक प्राधिकरणाला मिळालेल्या घरांचा. या सहाव्या प्रकारातून मिळणारा धडा विशेष बोधप्रद आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहू.

कोन येथील उदाहरण

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ साली भाडेतत्त्वावरील घरांची योजना आखली. शहरात नव्याने येणाऱ्या कष्टकऱ्याला परवडणाऱ्या भाड्यात पक्के घर मिळाले, तर त्याला झोपडपट्टीचा आश्रय घ्यावा लागणार नाही, हा तिचा हेतू होता. योजनेची रचना अशी होती : विकसकाला चार इतका चटई क्षेत्र निर्देशांक मिळावा; त्यातील एका भागातून १६० चौरस फुटांची घरे बांधून त्याने ती जमिनीसह प्राधिकरणाला विनामूल्य द्यावीत आणि उरलेल्या तीन भागांत विक्रीची घरे बांधावीत. म्हणजेच एकाच प्रकल्पात एका बाजूला खुल्या बाजारातील सदनिका आणि दुसऱ्या बाजूला भाड्याची छोटी घरे, असे संमिश्र स्वरूप आरंभापासूनच अभिप्रेत होते. पनवेल तालुक्यातील कोन येथे अशी घरे बांधली गेली.

कालांतराने शासनाचे धोरण बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या ऐतिहासिक संपानंतर मुंबईतील कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न दीर्घकाळ प्रलंबित राहिला. तो सोडविण्यासाठी भाड्याच्या योजनेतील निम्मी घरे गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना देण्याचे ठरले. १६० चौरस फुटांची दोन घरे जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर करण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये कोन येथील २,४१७ घरांची सोडत निघाली. घराची किंमत ६ लाख रुपये ठरली. मात्र ताबा लगेच मिळाला नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत ही घरे विलगीकरणासाठी वापरण्यात आली, त्यानंतर त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला आणि चाव्या मिळण्यास २०२३ साल उजाडले. ताबा मिळाल्यानंतर मासिक देखभाल खर्च किती असावा, यावरही कामगार कुटुंबांनी तक्रारी मांडल्या.

या उदाहरणातून ग्राहकाने तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, शेजारच्या इमारतीचा धारणाधिकार कायम तोच राहील असे नाही. भाड्यासाठी बांधलेली घरे येथे मालकीची झाली. उद्या अन्यत्र मालकीची घरे भाड्याची होऊ शकतात. दोन, सोडतीत किंवा अनुदानातून मिळालेल्या घराची किंमत कमी असली, तरी उद्वाहन, पाणी, स्वच्छता व पहारा यांचा खर्च कमी होत नाही. निवृत्त कामगाराला सहा लाखांचे घर परवडते. पण दरमहाचे देखभाल शुल्क त्याच्या निवृत्तिवेतनाच्या मानाने जड जाऊ शकते. तीन, सार्वजनिक संस्थेच्या ताब्यातील घरे रिकामी राहिली, तर त्यांच्या देखभालीचा भार कोण उचलणार, हे करारात आधी स्पष्ट असावे लागते.

जमीन कोणाची, मुदत किती

पट्ट्यावरील जमिनीत घर घेताना पट्ट्याचा आरंभ केव्हा झाला, हे सर्वप्रथम पाहावे. समजा, एखादा भूखंड १९८२ साली साठ वर्षांच्या पट्ट्याने दिला गेला. तर त्याची मुदत २०४२ साली संपते. २०२६ साली त्या इमारतीत घर घेणाऱ्यापुढे सोळा वर्षे उरतात आणि कर्जाची मुदत मात्र वीस वर्षांची असते. बँकेचे अधिकारी हा हिशेब करतातच. ग्राहकानेही तो करावा. मुदतवाढ किंवा धारणाधिकार बदल यांसंबंधी २०१८ पासून वेळोवेळी निर्णय जाहीर झाले आहेत. त्यांचा लाभ संबंधित संस्थेने घेतला आहे काय, शुल्क भरले आहे काय आणि भरावयाचे असल्यास प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला किती येईल, याचे लेखी उत्तर संस्थेच्या सचिवांकडून घ्यावे.

खाजगी जमिनीच्या बाबतीत सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषिक परवानगी आणि किमान तीस वर्षांचा शोध अहवाल पाहावा. साडेबारा टक्के योजनेतील इमारत असल्यास त्रिपक्षीय कराराची प्रत मागावी. मूळ भूधारकाचे सर्व वारस करारात सामील आहेत की नाहीत, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. एका वारसाची सही राहिली, म्हणून वर्षानुवर्षे हस्तांतरण रखडल्याची उदाहरणे नोंदणी कार्यालयाभोवती वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात.

इमारत पूर्ण होऊन संस्था स्थापन झाली, तरी जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय, हा प्रश्न उरतोच. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियमानुसार ते करून देणे विकसकावर बंधनकारक आहे. तो टाळाटाळ करीत असेल, तर संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. संमिश्र वसाहतीत भूखंडाचा एक भाग सार्वजनिक प्राधिकरणाकडे व दुसरा संस्थेकडे जाणार असल्यास सीमारेषा कोठे आहे, अंतर्गत रस्ता, पाण्याची टाकी व मैदान कोणाच्या हिश्श्यात आहे, हे मंजूर नकाशावर बोट ठेवून पाहावे.

सामाईक खर्चाचे गणित

संमिश्र वसाहतीतील बहुतेक वाद सामाईक खर्चावरून होतात. म्हणून हे गणित उदाहरणाने समजून घेणे इष्ट आहे.

समजा, एका आवारात ४०० घरे आहेत. त्यांपैकी ३०० घरे विक्रीची, प्रत्येकी ६०० चौरस फुटांची. १०० घरे सार्वजनिक संस्थेची, प्रत्येकी ३०० चौरस फुटांची व भाड्याने दिलेली. आवाराचा सामाईक खर्च दरमहा १२ लाख रुपये आहे. हा खर्च सर्वांत समान वाटला, तर प्रत्येक घरावर ३,००० रुपये येतात. तोच खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला, तर मोठ्या घरावर सुमारे ३,४२९ रुपये आणि छोट्या घरावर सुमारे १,७१४ रुपये येतात. पहिल्या पद्धतीत छोट्या घरातील कुटुंबाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटते, दुसऱ्या पद्धतीत मोठ्या घरातील कुटुंबाला. दोन्ही पद्धतींना आधार आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पहारा, स्वच्छता, सामाईक वीज यांसारखे सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान असते. अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील संघात मात्र खर्चाची वाटणी सामाईक मालमत्तेतील प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात होते. आपण संस्थेचे सभासद होणार की संघाचे, यावर ही वाटणी अवलंबून आहे.

आता याच उदाहरणात सार्वजनिक संस्थेने आपल्या १०० घरांचा वाटा भरला नाही, असे समजू. समान वाटणीनुसार दरमहा ३ लाख रुपयांची तूट येते. उद्वाहन बंद ठेवता येत नाही आणि पाण्याचा पंप थांबवता येत नाही. म्हणून ती तूट उरलेल्या ३०० घरांवर पडते आणि त्यांचे शुल्क ३,००० वरून ४,००० रुपये होते. संस्थेला थकबाकीची वसुली करण्याचे कायदेशीर मार्ग आहेत. २०१९ च्या सुधारणेने सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरणही समाविष्ट झाले आहे. परंतु वसुली होईपर्यंत चालू खर्च कोणाला तरी भागवावाच लागतो. म्हणून जुन्या वसाहतीत घर घेताना मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागावेत आणि त्यातील थकबाकीचा आकडा प्रथम वाचावा. दुरुस्ती निधी व निक्षेप निधी किती साठला आहे, हेही पाहावे. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्तीसाठी व किमान ०.२५ टक्के निक्षेप निधीसाठी गोळा व्हावयास हवेत. ज्या संस्थेने शुल्क कमी ठेवण्यासाठी हे निधी जमविलेच नाहीत, तेथील स्वस्ताई तात्पुरती असते. स्लॅब गळू लागला की एकदम मोठी वर्गणी मागितली जाते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. बहुमजली इमारतीत घर घेणाऱ्यांना ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळाले आणि इमारत नगरपालिकेच्या मालकीची राहिली. पुढे छपरे व उद्वाहने बदलण्याची वेळ आली, तेव्हा अशा खरेदीदारांच्या हाती त्यांच्या वाट्याची मोठी देयके आली. घर घेताना दिलेली किंमत सर्वांच्या ध्यानात होती. मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी करारात कोठे लिहिली आहे, ते अनेकांनी वाचले नव्हते.

कर, पाणी व सेवा

पनवेलमध्ये सेवा देणाऱ्या यंत्रणाही एकापेक्षा अधिक आहेत. जुन्या शहराला देहरंग धरणाचे पाणी मिळते. सिडकोच्या वसाहतींची पाणीव्यवस्था निराळी आहे. ग्रामीण भागातील वसाहतींची त्याहून निराळी. महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर सिडको वसाहतींतील नागरिकांवर मालमत्ता कराची आकारणी पूर्वलक्षी प्रभावाने झाली. त्याच काळात सिडकोचे सेवाशुल्कही भरले गेल्याने दुहेरी आकारणीची तक्रार पुढे आली. पुनर्विक्रीचे घर घेताना म्हणूनच दोन्ही प्रकारच्या पावत्या पाहाव्यात आणि थकबाकी कोणी भरावयाची, हे खरेदीखतात लिहून घ्यावे. नळाला पाणी किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर लागतात काय, लागल्यास त्याचा खर्च कोणत्या घरांवर पडतो, याची चौकशी तेथील रहिवाशांकडेच करावी. मे महिन्यात केलेली एक फेरी माहितीपत्रकाच्या दहा पानांपेक्षा अधिक सांगून जाते.

भाडेकरू शेजारी

‘भाडेकरू अधिक, म्हणून घर नको’ असे मत वारंवार ऐकू येते. त्याची तपासणी केली पाहिजे. पनवेल परिसरात महाविद्यालयांचे विद्यार्थी, तळोजा औद्योगिक वसाहतीतील कामगार, बंदर व विमानतळाशी संबंधित कर्मचारी भाड्याने राहतात. भाडेकरू कुटुंब वसाहतीला धोका ठरते, असे मानण्यास आधार नाही. खरी अडचण निराळी असते : दूर राहणारा मालक सभेला येत नाही आणि येथे राहणाऱ्या भाडेकरूला सभेत मत नसते. त्यामुळे निर्णय घेणारे व निर्णय भोगणारे वेगळे पडतात. निम्म्याहून अधिक मालक बाहेर राहत असलेल्या संस्थेत पदाधिकारी मिळणेही दुरापास्त होते. म्हणून भाडेकरूंची संख्या विचारण्यापेक्षा मागील वार्षिक सभेला किती सभासद हजर होते, हे इतिवृत्तातून पाहावे.

पुढे आपले घर भाड्याने देण्याचा विचार असेल, तर नियम ठाऊक असावेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार भाडे किंवा अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था जे बिनभोगवटा शुल्क आकारते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे.

मुलांच्या खेळाचे मैदान, मंडळाचा मंडप, वाचनालय या गोष्टी सर्वांना खुल्या आहेत काय, हेही पाहावे. लंडनमध्ये २०१९ साली एका वसाहतीत सामाजिक भाड्याच्या घरांतील मुलांना सामाईक मैदानाचा काही भाग बंद ठेवल्याचे उघड झाले आणि तीव्र टीकेनंतर ती कुंपणे हटवावी लागली. ज्या आवारात एका मुलाला झोपाळ्यावर बसता येते आणि दुसऱ्याला येत नाही, तेथे मोठ्यांमध्ये एकोपा कसा नांदणार? एकाच फाटकातून सर्वांची ये-जा, एकच मैदान आणि सर्वांना समजलेले नियम असतील, तर कालांतराने कोण मालक व कोण भाडेकरू, हा भेद मागे पडतो. वेगळी फाटके व मध्ये भिंत असलेल्या वसाहतीत भविष्यातील कलहाची शक्यता अधिक, असे समजावे.

विकत घ्यावे की भाड्याने राहावे

आता मुख्य आर्थिक प्रश्नाकडे वळू. समजा, घराची किंमत ४० लाख रुपये आहे. त्यातील १० लाख आपल्या बचतीतून दिले आणि ३० लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे २६,९९२ रुपये येतो आणि वीस वर्षांत एकूण सुमारे ६४ लाख ७८ हजार रुपये फेडावे लागतात. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात २२,५०० रुपये व्याजाचे असतात. मुद्दल फिटते ते सुमारे ४,५०० रुपये.

तेथेच तसेच घर दरमहा १२,००० रुपये भाड्याने मिळते, असे मानू. खरेदी केल्यास व्याजाचे २२,५००, देखभालीचे ३,००० आणि आपल्या १० लाखांवर सहा टक्के दराने बुडणारे व्याज ५,००० असे मिळून पहिल्या काळात दरमहा ३०,५०० रुपये जातात. भाड्याच्या मानाने हा खर्च १८,५०० रुपयांनी, म्हणजे वर्षाला २,२२,००० रुपयांनी अधिक आहे. चाळीस लाखांच्या घराची किंमत त्या वर्षी सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढली, तरच हा जादा खर्च भरून निघतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व मालमत्ता कर यात धरलेले नाहीत. पुढील वर्षांत व्याजाचा भाग घटत जातो व भाडे वाढत जाते. त्यामुळे पारडे हळूहळू मालकीकडे झुकते. यावरून एक निष्कर्ष निघतो : जे कुटुंब दहा-बारा वर्षे तेथेच राहणार आहे, त्याच्यासाठी खरेदी हितावह होऊ शकते, तीन-चार वर्षांत बदली किंवा स्थलांतर संभवत असेल, तर भाड्याने राहणे शहाणपणाचे. ‘विमानतळ आला, भाव दुप्पट होणार’ या आशेवर झेपणार नाही असे कर्ज घेणे कोणाच्याच हिताचे नाही. आज मागितल्या जाणाऱ्या किमतीत त्या आशेचे मूल्य विक्रेत्याने आधीच धरलेले असते.

चौकशीचा क्रम

नवीन प्रकल्पात घर घेताना प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी पाहावी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील व आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी आवश्यक आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकसकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातील दोष आढळल्यास तो दूर करून द्यावा लागतो. आणि ताबा लांबल्यास ग्राहकाला व्याज किंवा व्याजासह रक्कम परत मागता येते. मंजूर नकाशात भाड्याची अथवा प्राधिकरणाला द्यावयाची घरे दाखविली असल्यास त्यांची संख्या, जागा व स्वतंत्र सेवा यांची नोंद करून घ्यावी.

तयार घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र, मागील सर्व व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या प्रती, संस्थेचे भाग प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि पट्ट्याची जमीन असल्यास सिडकोची हस्तांतरण परवानगी पाहावी. सोडतीत मिळालेली घरे ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नाहीत. अशा घराचा व्यवहार मुखत्यारपत्रावर करण्याचा मोह अनेकांना होतो. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले असे घर कायद्याच्या दृष्टीने खरेदीदाराचे होत नाही आणि पैसे मात्र गेलेले असतात.

इसार देण्यापूर्वी पुढील सात प्रश्नांची लेखी उत्तरे हाती असावीत. जमीन कोणाची व पट्टा असल्यास किती वर्षे उरली? आवारातील घरे कोणकोणत्या हक्काची व प्रत्येकी किती? सहकारी संस्था आहे की अपार्टमेंट संघ? सामाईक खर्चाची वाटणी कोणत्या पद्धतीने होते? थकबाकी किती व कोणाकडे? मोठ्या दुरुस्तीसाठी निधी किती? आणि सार्वजनिक संस्थेची घरे पुढे विकली किंवा अन्य कामासाठी वापरली गेल्यास आपल्या हक्कांवर काय परिणाम होईल? सातांपैकी पाच उत्तरे समाधानकारक असतील व उरलेल्या दोहोंचा धोका किमतीत वळता होत असेल, तर व्यवहाराचा विचार करावा. पहिल्या किंवा पाचव्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर थांबावे. तेथे किमतीतील सूट उपयोगी पडत नाही.

समारोप

संमिश्र वसाहत ही कल्पना मुळात चांगली आहे. शहराला सफाई कामगार हवा, परिचारिका हवी, शिक्षक हवा आणि कारखान्याचा व्यवस्थापकही हवा. त्या सर्वांनी एकमेकांच्या जवळ राहावे, यातच शहराचे आरोग्य आहे. कोन येथील घरात वृद्धापकाळी पाऊल ठेवणारा गिरणी कामगार आणि शेजारच्या इमारतीत पहिल्यांदाच कर्ज काढून घर घेणारे तरुण जोडपे यांचे हित परस्परविरोधी नाही. दोघांनाही पाणी वेळेवर हवे, उद्वाहन चालू हवे आणि दरमहाचे देयक आपल्या आवाक्यात हवे. ते आवाक्यात राहते की नाही, हे हक्कांच्या स्पष्टतेवर, हिशेबाच्या चोखपणावर आणि सभेला येणाऱ्या सभासदांच्या संख्येवर ठरते. या तीन गोष्टी जेथे आढळतील, तेथे संमिश्र वसाहतीतील घर निःशंकपणे घ्यावे. जेथे त्या नसतील, तेथे आणखी एक वर्ष भाड्याच्या घरात काढणे हा तोटा नव्हे. आयुष्यभराची पुंजी सुरक्षित ठेवण्याची ती रास्त किंमत होय.